कट्ट्याच्या कडेकडेनं

रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये दिवसाचा शेवट धावण्यानं व्हायचा. सचिन तेंडुलकरनं आत्मचरित्रात लिहिलं आहे की मॅच आणि सराव आटोपला की सर त्याला पॅड आणि ग्लव्हज न काढता शिवाजी पार्काच्या दोन पूर्ण फेऱ्या मारायला लावत. पॅड बांधून चार पावलं पळून पाहिलेल्या माणसाला यातलं कष्टाचं मोल लगेच कळेल. गुडघा पुरता वाकत नाही, पट्टे पोटरीला घासतात, दोन्ही पॅड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून पाय फाकवून पळावं लागतं. आणि हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर खेळून झाल्यावर. सव्वादोन किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर होतं ते.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी पाच नंबरच्या गेटाजवळ त्यांचं स्मारक उभं राहिलं, तेंडुलकरच्या उपस्थितीत अनावरण झालं. आज पार्काला राउंड मारणारा प्रत्येक जण दर फेरीला त्या स्मारकावरून जातो. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी पॅड बांधलेले नसतात. कुणाला साखर आटोक्यात ठेवायची असते, कुणाला जानेवारीत मॅरेथॉन पळायची असते, कुणाला घरातल्या गजबजाटातून तासभर स्वतःसाठी हवा असतो. या लेखाचा विषय हे लोक आहेत आणि त्यांची ती फेरी आहे. या मैदानावरच्या क्रिकेटबद्दल भरपूर लिहून झालं, राजकारणाबद्दल त्याहून जास्त. त्याच्या कडेनं रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत जे अखंड चालू असतं त्याच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. शिवजन्माचं साल तेव्हा १६२७ धरलं जात असे, म्हणजे ते त्रिशताब्दीचं वर्ष. भोवतीच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या, गोलसर बाल्कन्यांच्या इमारती मैदानामागोमाग उभ्या राहिल्या. पार्कातल्या क्लब-संस्था धरून एकूण भूखंड सुमारे २८ एकरांचा आहे. मधल्या मोकळ्या मैदानाभोवती गुडघ्याएवढा सलग दगडी कट्टा आहे आणि कट्ट्याला लागून पायवाट. कट्ट्याचा घेर १.१७ किलोमीटर. धावणाऱ्यांच्या जगात हे अंतर तसं अडनिडं म्हणायचं. चारशे मीटरच्या ट्रॅकच्या तीन फेऱ्यांना तीस मीटर कमी पडतं, आणि पाच किंवा दहा किलोमीटरला त्यानं सरळ भाग जात नाही. पण १२०० मीटर जोरात पळायचं, मग थोडं चालायचं, पुन्हा १२०० मीटर, हा लांब पल्ल्याच्या धावपटूंचा जुना सराव आहे, आणि त्यासाठी पार्काची एक फेरी जवळपास बेतल्यासारखी बसते. आणखी एक योग आहे. १.१७ ला ३६ नं गुणलं की ४२.१२ येतात. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. म्हणजे ३६ फेऱ्या आणि वर ७५ मीटर. अर्ध्या मॅरेथॉनला १८ फेऱ्या आणि वर चाळीसेक पावलं.

हा हिशोब कागदावर जितका नेटका दिसतो तितका पायांना लागू पडत नाही, कारण कट्ट्याला खेटून कुणीच पळत नाही. तिथं माणसं बसलेली असतात, त्यांचे पाय पुढं आलेले असतात, चपला काढून ठेवलेल्या असतात. आपण कट्ट्यापासून दोन मीटर बाहेरून पळालो तर प्रत्येक फेरीत साडेबारा मीटर वाढतात. भूमितीची गंमत अशी की वाट लहान असो की मोठी, ही वाढ तेवढीच राहते. पेशवे पार्काएवढ्या बागेभोवती पळा नाही तर अख्ख्या मुंबईला वळसा घाला, दोन मीटर बाहेर सरकलात की वाढतात साडेबाराच. पण मुंबईच्या वळशात ते कुठल्या कुठं हरवतात, आणि पार्काच्या ३६ फेऱ्यांत त्यांचे साडेचारशे मीटर होतात. सकाळी पाच नंबर गेटाशी दोन मित्रांच्या घड्याळांत वेगवेगळं अंतर दिसतं आणि उपग्रहाला दोष दिला जातो. बऱ्याच वेळा उपग्रह बरोबर असतो. एक जण आतून पळालेला असतो आणि दुसरा, स्वभावानं भिडस्त, सगळ्यांना वाट देत देत बाहेरून.

छोट्या वर्तुळाचं खरं मर्म मला फार उशिरा उमगलं, आणि तेही गणितानंच. मध्यम वेगानं, किलोमीटरला सहा मिनिटं अशा चालीनं पळणाऱ्याची फेरी सात मिनिटांत होते. किलोमीटरला दहा मिनिटं लावत झपाझप चालणाऱ्या आजींची फेरी पावणेबारा मिनिटांची. दोघं एकाच दिशेनं निघाले तर पळणारा आजींना साडेसतरा मिनिटांनी एकदा मागं टाकेल. उलट दिशेनं निघाले तर मात्र दर साडेचार मिनिटांच्या आत दोघं समोरासमोर येतील. पाऊण तासात दहा वेळा. पहिल्या भेटीत नजर, दुसऱ्या भेटीत मान डोलावणं, आठवडाभरात हात वर करणं, महिन्याभरात ‘काल दिसला नाहीत?’

मरीन ड्राइव्हवर असं होत नाही. तिथं सरळ रस्ता आहे, समुद्र आहे, वारा आहे, पळायला तो पार्काहून नक्कीच देखणा. पण तिथं दहा जण एकत्र निघाले की पहिल्या दोन किलोमीटरांत त्यांची माळ तुटते. जोरात पळणारे पुढं दिसेनासे होतात, सावकाश पळणारी बाई मागं एकटी उरते आणि तिला आपण मागं उरलो आहोत हे प्रत्येक पावलाला कळत असतं. पार्काच्या फेरीत मागं उरण्याची सोयच नाही. पुढचा कोण आणि मागचा कोण हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पळणाऱ्यालाही पर्वा उरत नाही. तीन तासांत मॅरेथॉन पळणारा काटक गडी आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट बांधलेली पन्नाशीची गृहिणी एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, एकमेकांच्या नजरेसमोर असतात. तो तिला तासात चार-पाच वेळा ओलांडतो आणि तरी ती त्याच्या मागं नसते. हे समतेचं वर्तुळ कुणी ठरवून आखलेलं नाही. घेर छोटा आहे एवढंच त्याचं कारण. माझं तर ठाम मत आहे की आपल्या शहरांतल्या सामान्य माणसाला धावायला शिकवलं ते असल्या छोट्या फेऱ्यांनी, मोठ्या शर्यतींनी नव्हे.

मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा भरली फेब्रुवारी २००४ मध्ये. तिच्यामुळं हजारो लोकांच्या मनात पळण्याची इच्छा जागी झाली, यात वाद नाही. पण इच्छा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं कुठं? मुंबईतल्या फुटपाथवर सलग पाचशे मीटर पळता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. खोदलेली गटारं, उभ्या दुचाकी, टपऱ्या, मधूनच संपणारा फुटपाथ. त्यात नवशिक्याला आणखी एक भीती असते: लांब जाऊन दमलो तर परत कसं येणार? पार्कात हा प्रश्न उद्भवत नाही. १.१७ किलोमीटरच्या वर्तुळात आपण आपल्या गेटापासून जास्तीत जास्त ५८५ मीटरवर असतो, आणि तेही फेरीत एकदाच. छातीत धाप भरली, पोटात कळ आली, चप्पल तुटली, सुनेचा फोन आला, काहीही झालं तरी पाच-सात मिनिटांत माणूस गेटाशी. म्हणून इथं बायपास झालेले आजोबा डॉक्टरांच्या परवानगीनं चालतात, सहाव्या महिन्यातल्या बाया चालतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई काठी घेऊन अर्धी फेरी चालतात आणि कट्ट्यावर बसतात.

आणि बायका पहाटे पळतात. याला मी फार महत्त्व देतो. पहाटे साडेपाचला, अंधार असताना, एकट्या बाईनं पळायला जाणं आपल्याकडं अजून साधी गोष्ट नाही. घरचे नको म्हणतात, आणि त्यांचंही अगदीच चूक नसतं. पार्काच्या फेरीवर ती एकटी असूनही एकटी नसते. साडेचार मिनिटांच्या त्या भेटी तिथं पहारा देतात. रोज भेटणारे तेच चेहरे, कट्ट्यावर बसलेले तेच ज्येष्ठ नागरिक, पेपर टाकायला निघालेली पोरं, गेटाबाहेर दुधी-कारल्याचा रस मांडून बसलेला माणूस. कुणी अनोळखी इसम दोन फेऱ्या तिच्या मागं राहिला तर तिसऱ्या फेरीपर्यंत ते चार जणांच्या लक्षात आलेलं असतं. पंजाबी ड्रेस, त्यावर ओढणीची गाठ आणि पायात मुलानं अमेरिकेतून पाठवलेले बूट, अशा वेषात मनापासून पळणाऱ्या बायका मी इथं पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींनी शाळेत पीटीच्या तासालाही कधी पळून बघितलेलं नव्हतं.

शिकण्याची रीतही फेरीच सुचवते. मैदानाची एक बाजू पळायची, पुढची बाजू चालायची. महिन्याभरानं दोन बाजू पळायच्या, एक चालायची. कुठल्या गेटापासून कुठल्या गेटापर्यंत आज पोहोचलो हे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी घड्याळ लागत नाही. उद्यान गणेशाच्या देवळापाशी थांबणारे आहेत, न थांबणारेही आहेत. ते पळता पळता हात छातीशी नेतात, ओठ हलतात आणि पाय चालूच राहतात. समर्थ व्यायाम मंदिराच्या बाजूनं जाताना मल्लखांबावरची मुलं दिसतात. तिथं घडलेले आणि घडवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच पार्कात भरली होती. सहा-सात वर्षांची पोर दोरीवर उलटी लटकून शांतपणे आसन धरते आहे, आणि शेजारून आपण धापा टाकत तिसरी फेरी पुरी करतो आहोत, हे दृश्य माणसाला आणखी दोन फेऱ्या पळवतं.

छोट्या फेरीचा इतिहास मुंबईपुरता नाही. न्यूयॉर्कची मॅरेथॉन आज पाच बरोंमधून, पुलांवरून, लाखो प्रेक्षकांमधून जाते. ती सुरू झाली १३ सप्टेंबर १९७० रोजी सेंट्रल पार्कमधल्या रस्त्यावर, बागेलाच चारपेक्षा थोड्या जास्त चकरा मारून. एक डॉलर प्रवेश शुल्क होतं. १२७ जण निघाले, ५५ जणांनी शर्यत पुरी केली. जिंकला गॅरी मर्की, अग्निशमन दलातला जवान, २ तास ३१ मिनिटं ३८ सेकंदांत. आदल्या रात्री तो ड्यूटीवर होता. निना कुस्किक ही एकटीच स्त्री उतरली होती, तिला आजारपणामुळं मध्येच थांबावं लागलं. शहराचे रस्ते बंद करायला कुणी परवानगी दिली नसती, बागेतल्या गोल रस्त्याला ती अडचण नव्हती. सहा वर्षं शर्यत अशीच बागेत फिरली, १९७६ मध्ये ती शहरात उतरली.

लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ जणांना गोळा करून पाच किलोमीटरची घड्याळ लावलेली धाव घेतली. पळून आलेल्यांना क्रम कळावा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर हातात दिले. फी नाही, बक्षीस नाही. त्यातून ‘पार्करन’ नावाची चळवळ उभी राहिली आणि आज अनेक देशांतल्या बागांमध्ये दर शनिवारी सकाळी लोक जमतात. इंग्लंडात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या शनिवारचा तो भाग झाला आहे. पार्करनमध्ये सगळ्यांत मागून येण्याचं काम एक स्वयंसेवक ठरवून अंगावर घेतो, म्हणजे पळायला आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा ठरत नाही. शिवाजी पार्कात जे घेराच्या लहानपणामुळं आपोआप साधतं ते त्यांनी विचारपूर्वक नियमात बसवलं. मला ही फार सुजाण युक्ती वाटते.

आणि एक टोक आहे न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्समध्ये. चितगावात जन्मलेले, अरविंदांच्या आश्रमात वाढलेले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले श्री चिन्मय यांनी १९९७ मध्ये तिथं ३१०० मैलांची शर्यत सुरू केली. ती एका शाळेच्या आणि खेळाच्या मैदानाच्या भोवतीच्या फुटपाथवर होते. फेरी ०.५४८८ मैलांची, म्हणजे ८८३ मीटर. आपल्या पार्काहून लहान. एकूण ५६४९ फेऱ्या. मुदत ५२ दिवस. सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत पळायचं, रोज सरासरी साठेक मैल. २०१५ मध्ये फिनलंडच्या अश्प्रिहनल आल्तो यांनी ती ४० दिवस ९ तास ६ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली. काँक्रीटच्या एकाच फुटपाथवर, त्याच झाडांखालून, त्याच सिग्नलवरून.

या शर्यतीतला एक नियम आपल्या कामाचा आहे. तिथले धावपटू रोज दिशा बदलतात. एक दिवस डावीकडून, दुसऱ्या दिवशी उजवीकडून. कारण साधं आहे. फुटपाथ आणि रस्ते पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला किंचित उतरते केलेले असतात. रोज एकाच दिशेनं पळालं की एक पाय कायम उतारावर पडतो, कंबर एका बाजूला झुकते, आणि महिन्या-दोन महिन्यांत गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा कमरेत दुखायला लागतं. वळणांवर शरीर आत कलतं, तो ताणही रोज त्याच पायावर. पार्कात मात्र लोकांच्या दिशा लग्नासारख्या ठरलेल्या असतात. जो डावीकडून फिरायला लागला तो वर्षानुवर्षं डावीकडूनच. देवळाच्या सवयीनं उजवी घालणारे पुष्कळ, शाळेच्या मैदानाच्या सवयीनं डाव्या हाताला आत ठेवून पळणारेही पुष्कळ. जागतिक शर्यती आज डाव्या हाताला आत ठेवून पळतात, पण १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये धावपटू नेमके उलटे पळाले होते; म्हणजे यात निसर्गनियम वगैरे काही नाही. गुडघा सांभाळायचा असेल तर एक आड एक दिवस दिशा बदलावी. ओळखी दुप्पट होतात हा वरचा फायदा.

छोट्या फेरीचा एक जाच आहे, आणि त्यावर बोललं पाहिजे. ती दर सात मिनिटांनी माणसाला विचारते, पुरे का आता? सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर लांब गेलेल्या माणसाला दमला तरी परत यावंच लागतं, म्हणून वीस होतात. पार्कात प्रत्येक फेरीला ते गेट समोर येतं. गाडी तिथंच लावलेली असते. गडकरी चौकापर्यंत गेलं की ‘आस्वाद’ची मिसळ असते. ओळखीचे चार जण पळणं संपवून कट्ट्यावर टेकलेले असतात आणि हात करून बोलावतात. सेंट्रल पार्कमधल्या त्या १२७ जणांपैकी ७२ जणांनी मध्येच सोडलं. सप्टेंबरातली गरमी, त्या काळचं अपुरं पाणी ही कारणं होतीच. पण दर फेरीला बाहेर पडायची वाट दिसत राहणं हेही त्यात असणार असं मला वाटतं. म्हणून मॅरेथॉनचा सराव करणारे जाणते लोक शेवटचे लांब पल्ले पार्कात करत नाहीत असं म्हणतात, आणि म्हणूनच काही हट्टी लोक ते मुद्दाम पार्कातच करतात. वीस फेऱ्या झाल्यावर एकविसावी मारायला पायांपेक्षा वेगळं काही लागतं. ते इथं ज्याला जमलं त्याला जानेवारीत पेडर रोडचा चढ फार छळत नाही.

लांब पल्ल्यात फेऱ्या मोजायच्या कशा, हाही एक विषय आहे. हल्ली घड्याळं मोजतात. पण कट्ट्यावर अजून जुन्या रीती जिवंत आहेत. कुणी खिशात खडे ठेवतो आणि फेरीला एक कट्ट्याच्या ठरलेल्या जागी टाकतो. कुणी बोटांची पेरं मोजतो. एका हाताची अंगठा सोडून बारा, म्हणजे तीन हात मोजले की मॅरेथॉन.

पार्कातलं पळणं वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, फुटबॉलवाल्यांचं राज्य येतं, पायवाटेवर पाणी साचतं आणि पेव्हरवर शेवाळ धरतं. तेव्हा वळणांवर पाय जपून टाकावा लागतो. गणपती झाले की बेंगॉल क्लबची दुर्गापूजा, दसऱ्याचा मेळावा. शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी इथंच झाला. दिवाळीत दीपोत्सवाची रोषणाई बघायला संध्याकाळी इतकी माणसं येतात की पळणं सोडा, चालणंही शक्य नसतं. संध्याकाळचे धावपटू मग तेवढे दिवस पहाटेचे होतात. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा भाग शांतता क्षेत्र ठरवला, त्यामुळं भोंगे कमी झाले.

आणि मग येतो ६ डिसेंबर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले ते ७ डिसेंबर १९५६ रोजी. त्या जागेवरची चैत्यभूमी पार्कापासून चालत काही मिनिटांवर आहे. महापरिनिर्वाण दिनाला विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि राज्याबाहेरून लाखो माणसं येतात आणि शिवाजी पार्कात मुक्काम करतात. मंडप पडतात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखाने, आणि पुस्तकांचे स्टॉल. जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी सगळ्यांत लांब पल्ल्याचा सराव नेमका याच आठवड्यांत असतो, त्यामुळं काही धावपटू कुरकुरतात. मला ती कुरकुर मान्य नाही. हे मैदान तीनशे साठ दिवस आपण वापरतो. ज्यांच्या गावात पायाखाली स्वतःची जमीन नव्हती अशा माणसांच्या नातवंडांना ते चार दिवस मिळतात. त्या दिवसांत पळायला दुसरीकडं जावं, आणि परत येऊन पुस्तकांच्या स्टॉलांवर तास घालवावा. महाराष्ट्रात इतकी पुस्तकं इतक्या माणसांच्या हातात एका वेळी क्वचितच पडतात.

एकदा मात्र फेरी पूर्ण थांबली होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. धारावी, दादर आणि माहीम महापालिकेच्या एकाच जी-उत्तर विभागात येतात, आणि तिथले आकडे तेव्हा देश बघत होता. कट्टा रिकामा झाला. ज्येष्ठ नागरिक इमारतींच्या गच्चीवर चालू लागले, जिन्यांवरून चढउतार करू लागले, कुणी आठ फुटी गॅलरीत येरझारा मोजू लागले. ३ जून २०२० पासून राज्य सरकारनं मोकळ्या जागी चालायला-पळायला परवानगी दिली, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. त्या दिवसांत तोंडाला मास्क लावून, एकमेकांपासून दूर राहून लोक परत फिरू लागले. नेहमीच्यांपैकी काही जण दिसले नाहीत. पार्कात माणूस दिसला नाही की तो कुठं गेला हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि त्या वर्षी उत्तरं कठीण होती.

आता धुळीबद्दल. गेली काही वर्षं पार्कातली लाल माती उडते आहे. मैदानावर माती पसरली गेली, गवत टिकलं नाही, वरचा थर सुटा राहिला. दिवसभर डझनावारी खेळपट्ट्यांवर पोरं पळतात, संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो, आणि हिवाळ्यात हवा खाली दबलेली असल्यामुळं ती धूळ वर न जाता कट्ट्याच्या उंचीवर तरंगत राहते. भोवतालच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या, प्रदूषण नियंत्रण मंडळानं महापालिकेला माती काढायला सांगितलं, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला, पाणी मारण्यासाठी पर्जन्यजलाच्या विहिरीही आहेत. प्रश्न पुरता सुटलेला नाही. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला धुळीचा त्रास होतो तो दिसतो. पळणाऱ्याला होतो तो आत जातो. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात पळणारा साठ, सत्तर, कधी त्याहून जास्त. शिवाय तो नाक सोडून तोंडानं श्वास घेतो, म्हणजे नाकातली गाळणीही हुकते. आरोग्यासाठी पाऊण तास पळणारा माणूस कट्ट्यावर दिवसभर बसणाऱ्याएवढी धूळ त्या पाऊण तासात ओढून नेतो. हिवाळ्यातल्या संध्याकाळी, सामने संपल्यावर लगेच पळू नये, पहाटे पाणी मारल्यावर पळावं, एवढी काळजी आपल्या हातात आहे. बाकीचं महापालिकेच्या.

मध्यंतरी पार्काला सिंथेटिक ट्रॅक हवा, अशीही बोलणी कानावर येत. माझा विरोध आहे. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात असा ट्रॅक आहे, तिथं खेळाडूंनी जरूर जावं. ट्रॅक आला की कुंपण येतं, कुंपण आलं की वेळा येतात, वेळांमागून पास येतो. मग काठी घेऊन अर्धी फेरी चालणाऱ्या बाई कुठं जातील? चपला घालून आलेला मुलगा, बाळाची गाडी ढकलणारी आई, फोनवर बोलत रेंगाळणारे काका हे सगळे ट्रॅकवर अडथळे ठरतात. कट्ट्याच्या वाटेवर ते अडथळे नाहीत, ती वाट त्यांचीच आहे आणि आपण त्यांच्यामधून पळतो. वळणांवरचे सुटलेले पेव्हर घट्ट बसवा. झाडांच्या मुळांनी उचललेली जागा काँक्रीट न ओतता माती भरून सारखी करा, म्हणजे झाडही जगेल आणि घोटाही. चारही बाजूंना पिण्याच्या पाण्याचे नळ द्या, बायकांसाठी पहाटे पाचला उघडं असणारं स्वच्छतागृह द्या, पश्चिमेकडच्या झाडांखाली जिथं अंधार राहतो तिथं दिवे खाली घ्या, पानांच्या वर लावलेल्या दिव्यांचा उजेड वाटेवर पडत नाही. मैदानात गवत पुन्हा धरेपर्यंत खेळपट्ट्या आळीपाळीनं बंद ठेवा. आणि दर दोनशे मीटरला कट्ट्याच्या दगडावर पांढऱ्या रंगात अंतर रंगवा. ते काम एका सकाळचं आहे आणि रंगाच्या एका डब्याचं, महापालिकेची परवानगी मिळाली तर आम्हीच करू.